नकाशाच्या वाटेतलं जंगल

(जुनी कृष्णधवल दृश्यं : ओसाड माळ, एकटा वड)

२८ फेब्रुवारी १९६८. पुदुच्चेरीच्या उत्तरेला तमिळनाडूतलं हे उजाड माळरान. सावली म्हणावी तर या एका वडाची. उन्हात सुमारे ५,००० माणसं जमलीत. १२४ देशांतून आणलेली मूठमूठ माती कमळाच्या आकाराच्या संगमरवरी कुंभात पडतेय. आणि रेडिओवरून, आठवड्यापूर्वीच नव्वदी गाठलेल्या मीरा अल्फासा, पुदुच्चेरीच्या श्री अरविंद आश्रमाच्या माताजी, इथं वसणाऱ्या नव्या शहराची, ऑरोव्हिलची, सनद वाचतायत : ऑरोव्हिल कुणा एकाचं नाही, ते साऱ्या मानवजातीचं आहे.

नकाशा फ्रेंच वास्तुविशारद रॉजर आंजे यांचा. आकाशगंगेसारखं गरगर फिरत गेलेलं, ५०,००० माणसांचं शहर.

(लाल घळी, पावसाचं पाणी)

पण राहायला आलेल्यांना नकाशा नंतर दिसला, आधी दिसलं पाणी. पाऊस पडला की लाल माती घळींतून थेट बंगालच्या उपसागरात जायची. मग त्यांनी शहर बाजूला ठेवलं. बांध घातले, रोपं लावली, बकऱ्यांपासून राखली. आजूबाजूच्या गावांतले मजूर त्यांच्या बरोबरीनं राबले. स्वप्नाच्या गोष्टीत त्यांची आठवण जरा कमीच निघते. हळूहळू माळावर लाखो झाडं उभी राहिली.

(आजची हवाई दृश्यं : दाट रान, मध्ये मातृमंदिर या ध्यानाच्या वास्तूचा सोनेरी गोल)

डिसेंबर २०२१. या रानात जेसीबी शिरले. नकाशात शहराच्या केंद्राभोवती फिरणारा एक गोल रस्ता आहे, ‘क्राउन’. त्याच्या आखणीत झाडं येत होती. काही रहिवासी यंत्रांपुढे उभे राहिले. काही म्हणाले, शहर बांधायलाच तर आलो होतो. पन्नास वर्षं झाली, वस्ती अजून काही हजारांवरच! दोन्ही बाजू दाखला देत होत्या माताजींचाच.

इथल्या घरावर राहणाऱ्याची मालकी नसते. १९८८च्या कायद्यानं सगळी मालमत्ता एका प्रतिष्ठानाकडे गेली आणि त्याचं नियामक मंडळ केंद्र सरकार नेमतं. जागा कुणाचीच नसेल, तर झाड तोडायचं की नाही हे ठरवणार कोण? सनदेत याचं उत्तर नाही. हरित लवादानं काम अडवलं. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लवादाचा आदेश रद्द केला.

(पुन्हा वड, पारंब्यांसह)

वड अजून आहे, मातृमंदिराच्या शेजारी. शहराचं केंद्र याच्यापाशी धरलं होतं. नकाशा आखताना एवढं एक झाड मोजलं गेलं होतं.