जुन्या मोबाइलचा भाव

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात एक आयफोन विकला गेला. २००७ सालचा, पहिल्याच पिढीतला, ४ जीबीचा, डब्याचं सील न तोडलेला. भाव आला १ लाख ९० हजार डॉलरच्या वर. दुकानात तो ४९९ डॉलरला मिळत होता. अशी बातमी आली की लोक घरातले खण उपसायला घेतात. त्यांना आधीच सांगून टाकतो, तुमचा फोन उघडलेला आहे, वापरलेला आहे, त्याला हा भाव यायचा नाही. पण हा आकडा इथवर चढला कसा, ते ऐकण्यासारखं आहे.

पहिला आयफोन दोन प्रकारांत निघाला होता. ४ जीबीचा ४९९ डॉलरला आणि ८ जीबीचा ५९९ ला. शंभर डॉलर जास्त टाकले की दुप्पट जागा! मग लहान कोण घेणार? जूनच्या अखेरीस विक्री सुरू झाली आणि सप्टेंबर उजाडतो न उजाडतो तोच अ‍ॅपलने मोठ्याची किंमत दोनशे डॉलरने उतरवली आणि लहान फोन बंदच करून टाकला. रांगा लावून आधी घेतलेले लोक इतके खवळले, की स्टीव्ह जॉब्स यांना जाहीर पत्र लिहून त्यांना शंभर डॉलरची भरपाई कबूल करावी लागली. ती रोख नव्हती बरं का, पुन्हा अ‍ॅपलकडेच खर्च करायची होती. तर, जेमतेम दोन महिने विकला गेलेला हा नकोसा फोन पुढे दुर्मिळ ठरला. जुन्या फोनच्या बाजारात असंच चालतं. जे खपलं नाही, ते महाग होतं.

आता नव्या फोनच्या किमतीकडे वळू. मोटोरोला कंपनीचे अभियंते मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या मोबाइलवर पहिला कॉल केला. त्या यंत्राचा विकण्याजोगा अवतार, मोटोरोला डायनाटॅक, यायला दहा वर्षं लागली. वजन पाऊण किलोच्या वर, चार्जिंगला दहा तास आणि बोलायला अर्धा तास. किंमत ३,९९५ डॉलर. आजच्या पैशात हे दहा हजार डॉलरच्या पुढे जातं. मोटोरोलाचाच १९९६ चा स्टारटॅक खिशात मावणारा, घडीचा, साधारण ९० ग्रॅमचा होता, तरी हजार डॉलरच्या घरात होता. म्हणून आज हजार डॉलरचा फोन पाहून कुणी ‘काय दिवस आलेत’ म्हणालं, की मला हसू येतं. ते दिवस आधीच येऊन गेले होते.

मधल्या काळात फोन स्वस्त झाला तो कुणाच्या दानतीमुळे नव्हे. मोबाइल जाळ्याचं जीएसएम हे एकच तंत्र अनेक देशांनी स्वीकारलं, त्यामुळे तेच सुटे भाग कोट्यवधींनी बनवता आले. आधी जी कामं डझनावारी घटक मिळून करायचे, ती मोजक्या चिपमध्ये आली. २००३ मध्ये आलेला नोकियाचा ११०० हे त्याचं उत्तम उदाहरण. धूळ आत जाऊ नये म्हणून बटणांवर अखंड रबरी आवरण, पकड सुटू नये म्हणून खडबडीत कडा, डोक्यावर टॉर्च. पंचवीस कोटींहून अधिक खपला. संग्राहकांच्या लेखी मात्र त्याला फारशी किंमत नाही, कारण तो सगळीकडे आहे. एकदाच त्याचं नशीब फळफळलं. २००९ मध्ये युरोपात बोलवा उठली, की जर्मनीतल्या बोखुमच्या कारखान्यात बनलेल्या ११०० वरून दुसऱ्याचे बँकेचे एसएमएस पळवता येतात. त्या फोनला २५ हजार युरोपर्यंत मागणी आल्याच्या बातम्या छापून आल्या. असा कुठलाही दोष आपल्याला ठाऊक नाही, असं नोकियाने सांगितलं.

यापेक्षा मोठी हातचलाखी मात्र नव्या फोनच्या विक्रीत झाली. २००८ चा आयफोन अमेरिकेत १९९ डॉलरला मिळू लागला. स्वस्त झाला? छे! दोन वर्षांचा करार सही करायचा, उरलेले पैसे मोबाइल कंपनी भरणार आणि दर महिन्याच्या बिलातून वसूल करणार. गिऱ्हाइकाला फोनची खरी किंमत कळतच नव्हती. २०१३ मध्ये तिथल्या टी-मोबाइल या मोबाइल कंपनीने फोनचे पैसे आणि सेवेचे पैसे वेगळे दाखवायला सुरुवात केली, बाकीचेही त्याच वाटेने गेले. चार वर्षांनी आयफोन टेन ९९९ डॉलरला आला, तोवर हप्त्यांची सवय झालेली होती. आता जुना फोन द्या, नवा घ्या, उरलेले हप्त्याने फेडा. किंमत पुन्हा धुक्यात. आणि त्या अदलाबदलीत दिलेले कित्येक फोन शेवटी भंगारात मोडले जातात, हे संग्राहकाच्या जिवाला लागतं.

आता थोडं हातात घेऊन बघू. जुना नोकिया विकायला आला की मी आधी मागचं झाकण काढतो. बॅटरीखालच्या स्टिकरवर आयएमईआय, म्हणजे त्या एकाच फोनचा ओळख क्रमांक असतो. मग फोन चालू करून स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबतो. पडद्यावर तोच क्रमांक यायला हवा, आणि डबा असेल तर त्यावरही तोच. जुळला नाही, तर तीन फोनांचे भाग जोडून एक उभा केलाय असं खुशाल समजावं. चकचकीत नवी बॉडी पाहून भुलणारे बरेच. मला ओरखडे असलेली मूळ बॉडी हजारपट प्रिय. नोकियाच्या जुन्या मॉडेलांत आणखी एक कोड चालतो, स्टार, हॅश, ९२७०२६८९, हॅश. त्यात फोन कोणत्या महिन्यात बनला ते दिसतं. काहींत तर आयुष्यभरात त्यावर किती तास बोलणं झालं तेही. विक्रेता ‘फारसा वापरलाच नाही हो’ म्हणत असताना हा आकडा वाचून दाखवण्यात काय मजा असते!

जुना फोन असा चालवून बघण्याचं सुख पुढच्या पिढीच्या फोनांत नाही, ते कंपनीच्या सेवेवर अवलंबून असतात. ब्लॅकबेरीने ४ जानेवारी २०२२ ला जुन्या फोनांची सेवा थांबवली आणि धडधाकट यंत्रांचा भरवसा संपला. टूजी, म्हणजे दुसऱ्या पिढीचं जुनं मोबाइल जाळं, बंद झालेल्या देशांत जुना नोकियाही कॉल लावत नाही, पण निदान त्यातला सापाचा खेळ खेळता येतो, गजर वाजतो. सीलबंद डब्यावर लाखो डॉलर ओतणाऱ्यांना तेवढंही नाही, कारण डबा उघडला की भाव गेला! आतली बॅटरी फुगली आहे की नाही, हेसुद्धा त्यांना कळायचं नाही.

तुमच्या खणात एखादा फोन पडला असेलच. आजच बॅटरी बाहेर काढून वेगळी ठेवा. जुन्या बॅटऱ्या गळतात नाहीतर फुगतात आणि फोनची धातूची टोकं खाऊन टाकतात. फुगलेली असेल तर चार्जिंगला लावू नका, टोचू नका, ई-कचऱ्यात द्या. रबरी लेप चिकट झाला असेल तर रॉकेल वगैरे चोळू नका, प्लॅस्टिकचा विचका होतो. आणि विकण्याआधी आतले एसएमएस वाचून घ्या. साध्या फोनांतले बरेच मेसेज त्यांच्या स्वतःच्या स्मृतीत असतात, सिमकार्ड काढलं तरी तिथेच राहतात.

नमस्कार.