मुळांना ओल कशी कळते?

नमस्कार श्रोतेहो. जुन्या विहिरीच्या बांधकामातून, दगडांच्या सांध्यांतून आत उतरलेली पिंपळाची मुळं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. ती पाहिली की सहज म्हटलं जातं, झाडाला पाण्याचा वास येतो. पण लांबवरचं पाणी मुळाला कळत नाही. टोकाजवळची एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी असेल, तर तेवढा फरक मात्र त्याला नेमका कळतो.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ यूलिउस झाक्स यांनी 1872 साली हे फार सुंदर दाखवलं. जाळीच्या तळाची चाळण ओल्या भुश्शानं भरली, त्यात बी पेरलं आणि चाळण तिरकी टांगली. मुळं भोकांतून खाली आली. आता ती सरळ खालीच जायला हवीत, नाही का? पण कोरडी हवा लागताच ती वळली आणि ओल्या जाळीला बिलगून वाढू लागली. भोवतालची हवा पुरेशी दमट असेल, तर मात्र ती मुकाट्यानं खाली जातात. शाळेतल्या मुलांकडून हा प्रयोग जरूर करून घ्या. घरची चाळण, ओलं कोकोपीट आणि मोड आलेली मटकी, एवढ्यावर भागतं.

मूळ वळतं कसं? टोकाच्या थोडं मागे पेशी लांबट होत असतात. तिथं कोरड्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि टोक ओलीकडे झुकतं. ही जाणीव टोकावरच्या टोपीत असते, असं पूर्वी मानत. 2017 सालच्या एका अभ्यासात, मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपट्याच्या मुळांची टोकं काढून टाकली, तरीही मुळं ओलीकडे वळली. पाण्याच्या ताणात पानांची रंध्रं मिटवणारं ॲब्सिसिक आम्लच इथंही कामाला येतं. शिवाय ओल्या मातीला टेकलेल्या बाजूनंच मुळाला नवे फुटवे येतात. पोकळीकडची बाजू बोडकी राहते.

फळबागायतदारांनो, म्हणूनच झाड मोठं झालं तरी ठिबकचे ड्रिपर बुंध्याशीच ठेवू नका. मुळं तेवढ्याच ओल्या पट्ट्यात दाटतात, पलीकडच्या कोरड्या मातीत फारशी शिरत नाहीत. दुपारी बारा वाजता झाडाची सावली जिथवर पडते, त्या कडेपर्यंत ड्रिपर सरकवत न्या. आणि पाणी वाफसा राहील इतकंच द्या, कारण चिबडलेल्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही.