प्लेटमागचा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

सॉफ्टबॉल या नावानं फसू नका. मी हे वर्षानुवर्षं सांगत आलोय, तरी दर मोसमात एखादी आई मैदानावर येऊन म्हणतेच, "सर, मऊ बॉल असतो ना? मग बरं." अहो, मऊ तो होता १८८७ साली! शिकागोत काही मंडळींनी बॉक्सिंगचा जुना ग्लोव्ह बांधून त्याचा गोळा केला आणि झाडूच्या दांड्यानं तो हाणला, तेव्हाची गोष्ट. पुढं नाव राहिलं, मऊपणा गेला. आजचा सॉफ्टबॉल क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा तर आहेच, पण जडही आहे. क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास, आणि हा १८० ते २०० च्या घरात. एकदा हातात घेऊन बघा, मग मऊ म्हणा.

पण आज खेळाडूंबद्दल नाही बोलायचं. बॅटर जिथं उभा राहतो ती प्लेट, आणि तिच्या मागं बॉल पकडायला बसतो तो कॅचर. त्या कॅचरच्या मागं वाकून जो उभा असतो ना, तो प्लेट अंपायर, आपला पंच, त्यानं अंगावर काय घालावं याबद्दल बोलायचंय.

कागद-पेन शोधू नका, डोक्यापासून खाली या. तोंडावर मास्क, आणि मास्कला खाली लोंबणारी गळ्याची पट्टी. छातीला गार्ड, तो शर्टाच्या आत. मग सेंटर गार्ड. क्रिकेट खेळलेल्या पुरुषांना ते काय असतं हे सांगायला नको. नडग्यांना शिन गार्ड, पँटच्या आत. आणि पायात पुढं स्टील असलेले बूट. पुन्हा सांगतो. मास्क, गळा, छाती, सेंटर गार्ड, नडग्या, बूट. झालं.

यातली गळ्याची पट्टी लोक हमखास विसरतात, म्हणून तिच्यावर दोन शब्द. १९७६ साली अमेरिकेत बेसबॉलच्या एका मॅचमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा कॅचर स्टीव्ह यीगर आपल्या बॅटिंगची वाट बघत उभा होता. खेळणाऱ्या सहकाऱ्याची बॅट तुटली, तिचा तुकडा उडाला आणि थेट याच्या गळ्यात घुसला. नशीब, वाचला. मग संघाच्या ट्रेनरनं, बिल ब्युलर त्यांचं नाव, त्याच्या मास्कला खाली एक पट्टी टांगून दिली. तीच ही पट्टी.

आता माझी गोष्ट. ही सांगायलाच मी आलोय, खरं म्हणजे.

बरीच वर्षं झाली. शालेय मुलींची जिल्ह्याची फायनल. मैदान तालुक्याच्या गावचं, कडेला चिंचेचं झाड, सकाळीच मारलेली फक्की दुपारपर्यंत वाऱ्यानं अर्धी उडालेली. कॅचरचं किट मैदानावर एकच. इनिंग बदलली की एकीनं काढायचं आणि दुसरीनं तेच घामानं ओलं झालेलं घालायचं. पंचाचा मास्क वेगळा, तोही एकच, आणि तो माझ्या तोंडावर. म्हणजे दोन संघ, पंच आणि मैदान मिळून मास्क दोन. व्यासपीठावर पुष्पगुच्छ मात्र मोजून चौदा! मी मोजले होते. आपल्याकडं स्पर्धेचं बजेट करताना आधी हार-तुरे, मग मंडप, मग ट्रॉफी, आणि उरलं तर खेळ. ट्रॉफी तरी किती उंच असावी? जिंकणाऱ्या मुलीच्या डोक्याच्या वर जाते, एसटीत ठेवायला जागा होत नाही. असो. विषय मास्कचा आहे.

पाचव्या इनिंगला एक बॉल बॅटच्या कडेला घासून मागं आला आणि सरळ कॅचरच्या मास्कवर बसला. टण्ण! मुलीला काही झालं नाही, नुसती मागं बसली. पण मधल्या सळीचं वेल्डिंग सुटलं. मग कळलं की तो मास्क आधी एकदा सायकलच्या दुकानातून वेल्डिंग करून आणला होता. सळी आत वाकली होती, बरोबर डोळ्यासमोर. मी ती बोटानं हलवून बघितली. आता हा मास्क कुणाला घालायचा?

गाव धुंडाळलं. मास्क नाही. पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम होता. मुलीला तर विनामास्क बसवता येणार नाही, मी बसवलंच नसतं. मग माझा मास्क तिला दिला आणि मी तसाच मागं उभा राहिलो. छातीला गार्ड, नडग्यांना गार्ड, तोंड उघडं. टाळ्या पडल्या, श्रोतेहो! कुणीतरी ओरडलं, "वा सर!" मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सहावी इनिंग निघाली. सातवीला, म्हणजे शेवटच्या इनिंगला, चार-चार अशी बरोबरी, तिन्ही बेस भरलेले, म्हणजे तिन्ही टप्प्यांवर धावायला मुली उभ्या, दोन आउट, बॅटरवर तीन बॉल, दोन स्ट्राइक. पंच 'बॉल' म्हणतो तो मारण्याजोगा नसलेल्या चेंडूला, आणि 'स्ट्राइक' म्हणतो तो मारण्याजोगा असून हुकलेल्या किंवा सोडलेल्या चेंडूला. चार बॉल झाले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर, तीन स्ट्राइक झाले की आउट. म्हणजे आता बॉल दिला तर फुकट रन आणि मॅच खलास. स्ट्राइक दिला तर बॅटर आउट आणि मॅच पुढं चालू. पिचरनं, म्हणजे बॉल टाकणाऱ्या मुलीनं, हात फिरवला, बॉल सुटला, बॅटरनं बॅट हलवलीच नाही. ग्लोव्हमध्ये आवाज आला. मी म्हणालो, "बॉल."

एकच गलका झाला. जिंकलेल्या मुली धावल्या, हलगी वाजली. कॅचर मात्र ग्लोव्ह जिथल्या तिथं धरून बसून राहिली होती. आणि पिचर, नववीतली असेल, सावकाश चालत माझ्यापाशी आली. भांडायला नाही. अगदी हळू म्हणाली, "सर, तुमचे डोळे मिटले होते."

मी तिला म्हणालो, "लायनीत जा बाळ, शेकहँड करायचाय." गेली बिचारी.

मिटलेच होते हो. पिचर बघते कुठं? कॅचरच्या ग्लोव्हकडं. आणि त्या ग्लोव्हच्या हातभर वर कोण असतो? मी. अख्ख्या मैदानात फक्त तिला दिसलं. तो बॉल होता की स्ट्राइक, मला आजही ठाऊक नाही. मी आवाजावरून निकाल दिला होता.

घासून मागं आलेला बॉल तोंडापर्यंत यायला किती वेळ लागतो? शाळकरी पिचरचा असला तरी सेकंदाचा विसावा हिस्सा. त्यात माणसाला वाकता येत नाही की सरकता येत नाही. ती वाकलेली सळी डोक्यात बसली होती, म्हणून बॉल निघाला की माझे डोळे आपोआप मिटत होते. मास्क नाकासाठी असतोच, पण नाक शाबूत ठेवून भागत नाही. डोळे उघडे राहावेत म्हणून मास्क. पुन्हा सांगतो, डोळे उघडे राहावेत म्हणून.

मी काय करायला हवं होतं? सोपं होतं. पिचरच्या मागं जाऊन उभं राहायचं. सरावाला आपण तसंच करतो, तिथूनही बॉल-स्ट्राइक दिसतो. पण पाहुणे बसले होते, टाळ्या पडल्या होत्या.

हल्ली "एवढं चिलखत कशाला" म्हणणारे कमी झालेत. क्रिकेटमध्ये ब्रूस ऑक्सनफर्ड हे अंपायर २०१६ च्या आयपीएलमध्ये हाताला ढाल बांधून उभे राहिले, तेव्हा लोक आधी हसले, मग कौतुक केलं. हेल्मेटचं मात्र आपलं अजून तसंच. कोपरात अडकवायचं, चौक आला की डोक्यावर. कोपराला काय मेंदू असतो? राहू द्या.

त्या फायनलनंतर पहिल्याच पगारात मी स्वतःचा मास्क घेतला. त्याच्या आतली गादी दर मॅचनंतर काढून वाळवावी लागते, नाहीतर असा वास सुटतो की घरचे बोलणं टाकतात. आमच्या गॅलरीत आत्ताही ती टॉवेलशेजारी चिमट्यानं लटकतेय. आणि पट्टे फार आवळू नका. मास्क बसेल इतकाच घट्ट हवा, म्हणजे फटका लागला की तो थोडा फिरतो आणि जोर मानेवर येत नाही. मास्क काढायचा तो डाव्या हातानं, उजवा इशाऱ्यासाठी मोकळा. टोपीचा पुढचा भाग आखूड, नाहीतर मास्कबरोबर टोपीही जाते आणि लोक हसतात.

समोरच्या काचेतून दोन बोटं दिसतायत, म्हणजे दोन मिनिटं की आवरा, कळत नाही. छातीच्या गार्डचं माप कसं घ्यायचं ते राहिलंच. खांद्याचं हाड झाकलं गेलं पाहिजे एवढं आज लक्षात ठेवा, बाकीचं पुढच्या खेपेला. नमस्कार.