दूध विसरलेला जिवाणू

नमस्कार, श्रोतेहो.

दूध विरजतं ते लॅक्टोकॉकस लॅक्टिससारख्या जिवाणूंमुळे. दुधातली लॅक्टोज ही साखर आंबवून ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. पण याच जिवाणूचा एखादा वाण असा निघतो, की दुधात घातला तरी दूध जवळपास जसंच्या तसं राहतं. जिवाणू धडधाकट असतो, ग्लुकोज दिलं तर झपाट्यानं वाढतो. लॅक्टोज मात्र त्याला वापरता येत नाही, आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांनाही ते जमत नाही.

असे वाण 1937 सालीच नोंदले गेले होते. उलगडा झाला 1970 च्या दशकात, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात लॅरी मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून. अ‍ॅक्रिफ्लेव्हिन या रंगद्रव्यात जिवाणू वाढवले, की लॅक्टोज विसरणाऱ्यांची संख्या वाढायची. हे रंगद्रव्य प्लाझ्मिडं घालवतं, म्हणून संशय तिकडेच वळला. प्लाझ्मिड म्हणजे गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं कडं. पेशी दुभंगताना एका लेकीच्या वाट्याला ते आलंच नाही, तर त्यावरची सगळी विद्या तिथेच संपते. हरवलेलं कडं पुन्हा उगवत नाही!

त्या कड्यावर असतं तरी काय? लॅक्टोज पेशीत शिरतानाच तिच्यावर फॉस्फेट चढवणारी प्रथिनं, मग या साखरेचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करणारं विकर (एन्झाइम), आणि गॅलॅक्टोजच्या तुकड्याला टॅगाटोज या साखरेच्या वाटेनं पुढे नेणारी विकरं. ग्लुकोजच्या तुकड्याची सोय गुणसूत्रावर आधीच असते. एका बहुअभ्यासित वाणात तर सुमारे 55 हजार बेसजोड्यांच्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या तितक्या पायऱ्यांच्या, एकाच प्लाझ्मिडवर लॅक्टोजची जनुकं आहेत आणि दुधातलं केसीन हे प्रथिन तोडणाऱ्या विकराचंही जनुक आहे. म्हणजे कडं गेलं की साखरही गेली आणि प्रथिनंही. 1983 साली याच वाणातली सगळी प्लाझ्मिडं काढून टाकलेला एमजी1363 हा वाण तयार झाला. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो.

इतकी मोलाची विद्या अशा सुट्या कड्यावर का ठेवायची? मला यातली व्यवहारबुद्धी फार आवडते. जिथे दूध नाही तिथे हे ओझं टाकता येतं. शिवाय दोन पेशी जवळ आल्या, तर ते एकीकडून दुसरीकडे जाऊही शकतं.

म्हणूनच विरजण दुधातच वाढवत राहणं शहाणपणाचं. तिथे कडं हरवलेली पेशी आपोआप मागे पडते. ग्लुकोजच्या पाण्यात मात्र तीही बाकीच्यांच्या बरोबरीनं वाढते, आणि विरजण हळूहळू मंद होत जातं.