आधी जागा, मग झाड

(दृश्य: रोपवाटिकेतली रांग. फुलांनी भरलेली कुंडी उचलणारा हात.)

रोपवाटिकेत नजर आधी फुलांवर जाते, आणि बहुतेक चुकीची खरेदी तिथेच होते. ते रोप फुललेलं असतं तिथल्या शेडनेटच्या सावलीत, वेळच्या वेळी मिळणाऱ्या पाण्यावर आणि खतावर. घरी आणल्यावर यातलं काहीच तसं राहत नाही. म्हणून झाडाची निवड घरापासून सुरू करायची, आणि सगळ्यात आधी मोजायचं ते ऊन.

(दृश्य: जागेचा हाताने काढलेला नकाशा. पेन्सिलीने सावल्या भरल्या जात आहेत.)

जागेचा ढोबळ नकाशा काढा. आभाळ मोकळं असेल अशा दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला बघा आणि थेट ऊन कुठे पडतंय त्याची खूण करा. दिवसाला 6 तास किंवा त्याहून जास्त थेट ऊन मिळत असेल तर ती पूर्ण उन्हाची जागा. 3 ते 6 तास म्हणजे अर्धं ऊन. त्याहून कमी म्हणजे सावली. टोमॅटो, मिरची, गुलाब, जास्वंद, मोगरा, बोगनवेल यांना पूर्ण ऊनच लागतं. पालक, कोथिंबीर, पुदिना अर्ध्या उन्हात निभावतात. नेचे, कॅलेथिया, मनीप्लांट सावलीतली मंडळी.

तास सारखे असले तरी ऊन सारखं नसतं. सकाळचं 4 तासांचं ऊन नाजूक पानांनाही सोसतं. दुपारनंतरचं तेवढंच ऊन, त्यात मागे तापलेली पश्चिमेची भिंत, पानांच्या कडा करपवतं. शिवाय ऊन वर्षभर एका जागी राहत नाही. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून, खालून जातो. तेव्हा दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार आतपर्यंत शिरतं. उन्हाळ्यात तो माथ्यावर येतो आणि त्याच बाल्कनीवर वरच्या स्लॅबची सावली पडते. दक्षिण गोलार्धात हेच उलट, उत्तरेच्या बाजूला. त्यामुळे एकदाच केलेल्या नोंदीवर वर्षभराची झाडं ठरवू नका. ऋतू बदलला की पुन्हा बघा.

घरातल्या उजेडाबाबत डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. डोळा कमी उजेडाशी जुळवून घेतो, झाडाला ती सोय नाही. दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या साधारण 30 सेंटिमीटर वर हात धरा. सावलीची कड रेखीव दिसली तर उजेड भरपूर आहे. आकार कळतो पण कड पुसट, तर मध्यम. सावली जेमतेम दिसत असेल, तर तिथे फुलझाडाचा नाद सोडा.

(दृश्य: बोगनवेलीची लांबलचक, हिरवीगार, फुलं नसलेली फांदी.)

ऊन कमी पडलं की पेरं लांबतात, खोड उजेडाकडे झुकतं, पानं मोठी आणि पातळ होतात. फुलं येत नाहीत म्हणून इथे हमखास खत घातलं जातं, आणि नत्र जास्त झालं की आणखी लुसलुशीत पालवी येते. त्या पालवीवर मावा ही रस शोषणारी कीड बसते. औषध फवारून उपयोग नाही. कुंडी उन्हात सरकवायला हवी.

आणखी एक बारकावा. शेवंती आणि पॉइन्सेटिया कळ्या धरतात त्या रात्र मोठी झाल्यावर. त्यांना लांब, सलग अंधार लागतो. जवळच रस्त्यावरचा दिवा रात्रभर जळत असेल तर रोप धष्टपुष्ट वाढतं, पण कळी धरत नाही.

(दृश्य: जमिनीत खड्डा, त्यात पाणी आणि उभी पट्टी.)

आता माती. जमिनीत लावायचं असेल तर 30 सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा काढा. पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा, आणि आता तासाभरात पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. 2.5 ते 8 सेंटिमीटर उतरलं तर बहुतेक झाडांना जमीन योग्य. त्याहून हळू उतरत असेल तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून ओल्या मातीतही झाड मान टाकतं आणि ते बघून आणखी पाणी घातलं जातं. अशा जागी उंच वाफे करा, किंवा कर्दळ, अळू यांसारखी ओल सोसणारी झाडं घ्या. पाणी फारच भराभर जिरत असेल तर भरपूर कंपोस्ट मिसळा.

कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर घालायची सवय मात्र सोडलेली बरी. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही; ते थराच्या वर अडतं. चिखलाचा पट्टा तळातून मुळांच्या जवळ येतो, एवढंच होतं. भोकावर एक खापरी पुरते, माती वाहून जाऊ नये म्हणून.

कुंडीची खोली झाडावर ठरते: पालेभाज्यांना 15 ते 20 सेंटिमीटर, टोमॅटोला किमान 30 आणि माती 20 लिटरच्या आसपास, लिंबाला 45 च्या पुढे. 20 लिटर ओली माती 30 किलोच्या घरात जाऊ शकते. गच्चीवर अशा कुंड्या भिंतीच्या कडेने किंवा तुळईवर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको.

झाड पूर्ण वाढल्यावर किती पसरेल ते आधी विचारा. त्याच्या निम्मं अंतर तरी भिंतीपासून सोडायचं. वड, पिंपळ, रबर प्लांट आणि एकूणच फायकस प्रजातीतली झाडं ड्रेनेजच्या पाइपांजवळ जमिनीत लावू नका. सांध्याला बारीक फट असली तरी मुळं आत शिरतात.

लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर यादीवर आणखी एक काट मारावी लागते. कण्हेर, पांढरी असो वा पिवळी, सगळ्या अंगाने विषारी. डायफेनबेकियाचं पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. लिलीचे परागकणसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाला घातक, आणि सायकसच्या बिया कुत्र्याला.

फळझाड घेताना जात विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. पपईच्या काही जातींत नर आणि मादी झाडं वेगळी असतात; एकच रोप लावलं आणि नर निघालं, तर फळ विसरा. सफरचंदाच्या बहुतेक जातींना जवळ दुसरी जात लागते, शिवाय हिवाळ्यात शेकडो तासांची थंडीही.

(दृश्य: रोप आडवं करून पिशवीचा तळ दाखवणारे हात. मग पानाची मागची बाजू, जवळून.)

इतकं ठरल्यावर रोपवाटिकेत जायचं. रोप उचलून आधी तळ बघा. भोकातून एखादं पांढरं मूळ डोकावत असेल तर हरकत नाही. जाड मुळांचा झुबका बाहेर आला असेल, तर आत मुळांनी वेटोळे घातलेत; ते जमिनीत गेल्यावरही गोलच वाढत राहतात. तपकिरी, गिळगिळीत मुळं आणि आंबूस वास, तर रोप परत ठेवा. पान उलटून बघा: पानाच्या बगलेत कापसासारखा पुंजका म्हणजे पिठ्या ढेकूण, बारीक जाळी आणि फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी, हलवल्यावर उडणारे पांढरे ठिपके म्हणजे पांढरी माशी. कलम असेल तर जोड मातीच्या वर हवा, आणि जोडाखालून फुटलेला कोंब खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडाचा असतो, तो काढायचा. दोन रोपांत बुटकं, भरीव, कळ्या असलेलं घ्या. उंच आणि पूर्ण फुललेलं दिसायला छान, पण ते रुजायला जास्त वेळ घेतं.

(दृश्य: रोप लावताना. खोडाचा बुंधा जवळून.)

घरी आणलेलं रोप 7 ते 10 दिवस बाकी झाडांपासून लांब, अर्ध्या उन्हात ठेवा; कीड असेल तर तेवढ्यात दिसते. मग रोज थोडं थोडं ऊन वाढवा. खड्डा मुळांच्या हुंडीच्या, म्हणजे मुळांसकट निघणाऱ्या मातीच्या गोळ्याच्या, दुप्पट रुंद घ्या, पण खोल हुंडीइतकाच. बुंधा मातीत गाडला गेला तर साल कुजते. आच्छादन 5 ते 7 सेंटिमीटर, खोडापासून चार बोटं लांब. पहिली नवी पानं फुटेपर्यंत खत देऊ नका. जुनी थोडी पानं गळली तर गळू द्या, आणि पाणी घालायच्या आधी दरवेळी मातीत बोट दोन पेरं खुपसून ओल बघा.