गादी मिळते हो, झोपेचं काय?

नमस्कार मंडळी. पोस्टरवर विषय छापलाय, 'नाचणाऱ्यांनी नाचणाऱ्यांकडे राहण्याचे दहा नियम'. दहा हा आकडा माझा नाही. फोनवर मी "असतील पाच-सहा" म्हणाले होते, संयोजकांनी त्यावर व्याज लावलं. (हशा) असो. सांगते दहाही, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

इथे बसलेल्या बहुतेकांनी हे केलेलंच आहे. नाचाच्या वर्कशॉपसाठी शुक्रवारी संध्याकाळी परक्या शहरात उतरायचं. फॉर्म बघून संयोजकांनी ज्याच्याशी गाठ घालून दिली, त्या कधी न पाहिलेल्या माणसाच्या घरात बॅग टाकायची आणि तासाभरात त्याच्याच गाडीतून नाचायला निघायचं. सख्ख्या मावशीकडे जाताना आपण चार फोन करतो. इथे एक मेसेज: 'पोचतोय.'

माझं म्हणणं असं की, या पाहुणचारात यजमान आपल्याला गादी देतो ही समजूत चुकीची आहे. गादी काय, कोणीही देईल. सोफा आहे, फुगवायची गादी आहे, नाहीतर स्लीपिंग बॅग आणि जमीन. टंचाई असते ती झोपेची, आणि जी काही दोन-तीन रात्रींची झोप असते ती घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायची असते. हिशोब करू. सोशल, म्हणजे रात्रीचा सगळ्यांचा मोकळा नाच, संपतं एक वाजता. घरात माणसं पाच, बाथरूम एक. घामाने निथळणारा माणूस अंघोळ केल्याशिवाय दुसऱ्याच्या चादरीवर आडवा होणार नाही, असं मी धरून चालते. माणशी दहा मिनिटं धरली तरी झाली पन्नास मिनिटं, आणि गरम पाणी तिसऱ्यालाच संपतं. वर्कशॉप दहाला, म्हणजे घर सोडायचं साडेनऊला. सकाळी पंधरा-पंधरा मिनिटं लागली तर पहिल्याचा नंबर सव्वाआठला. हे झालं सगळे एकत्र परतले तर. आफ्टरपार्टीवाले, म्हणजे सोशल संपल्यावरही नाचत राहणारे, उगवतात पहाटे चारला. शिवाय यजमानही आपल्यातलाच, त्याचेही पाय सुजलेत. नातेवाइकाच्या घरी निदान एक माणूस ताजातवाना असतो.

थोडं विषयांतर करते. आपल्या लिंडी हॉपमध्ये, म्हणजे जॅझवर जोडीने नाचायच्या या नाचात, घर आणि नाच पहिल्यापासून एकमेकांना खेटूनच आहेत. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२० च्या दशकात लोक घरभाड्याला पैसे कमी पडले की घरातच पार्टी करायचे. पियानोवाला बोलवायचा, दाराशी थोडे पैसे घ्यायचे, रात्रभर नाच. त्यातून भाडं निघायचं. १९२६ मध्ये लेनॉक्स अव्हेन्यूवर सॅव्हॉय बॉलरूम हे नाचाचं मोठं सभागृह उघडलं, त्याच्या मागच्याच इमारतीत नॉर्मा मिलर लहानपणी राहायची. आग लागली तर उतरायला बाहेरून लोखंडी जिना असतो ना, त्यावर बसून ती आतली नाचणारी माणसं बघायची. पुढे तीच त्या नाचातली मोठी नर्तकी झाली. ही गोष्ट आपण सगळे कौतुकाने सांगतो. मला मात्र प्रत्येक वेळी प्रश्न पडतो, की त्या इमारतीत सकाळी लवकर कामावर जाणारं कोणी असेल, तर ते झोपायचं कधी? (हशा)

तर जिन्यावरून आठवलं. हा किस्सा मी आधी कुठे सांगितला असेल तर माफ करा, पण माझा सगळा सिद्धांत त्यावर उभा आहे.

वीसेक वर्षं झाली. आम्ही चौघं पाहुणे, चौघंही एकमेकांना अनोळखी. यजमानीण त्या वर्कशॉपला शिकवायला होती, तिचा पहिला तास सकाळचा. तिने आम्हाला एक किल्ली दिली. चौघांत एक. म्हणाली, "मी कानात इअरप्लग घालून झोपते, बेल वाजवू नका, मला ऐकूच येत नाही." आम्ही माना डोलावल्या. किल्ली मी घेतली. का? तर माझ्याकडे बुटांची पिशवी होती. पिशवी असलेल्या माणसावर लोकांचा फार विश्वास बसतो.

रात्री एकला सोशल संपलं. बाकीचे तिघं म्हणाले, आम्ही निघतो. मी म्हणाले, मी जरा आफ्टरपार्टीत डोकावून येते. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पण मला कळायला पहाटेचे पाच वाजले! बँड होता सुरेख, फ्लोअर होतं गुळगुळीत, फोन होता कोटात आणि कोट होता खुंटीवर. मी इमारतीत शिरले तर तिघंजण ओल्या शर्टांत जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने बसलेले, एकाने टॉवेल शालीसारखा पांघरलेला. आणि मी, खरंच सांगते, मनापासून कौतुकाने म्हणाले, "अय्या, तुम्ही इतक्या लवकर उठलात?"

(हशा)

त्यातला एक आजही माझ्याशी नाचतो. एका गाण्यापुरता. दुसरं गाणं लागलं की पाणी प्यायला जातो. आता तुम्ही म्हणाल चूक माझी. आहेच. पण चौघांना एक किल्ली ही व्यवस्थाच चुकीची, आणि ते शुक्रवारी एकालाही सुचलं नाही. कारण सगळे जण चांगले वागत होते. "चालेल, चालेल, काही प्रॉब्लेम नाही."

हे 'चालेल' माझ्या डोक्यात जातं. मी स्वतः पाच-सहा वर्षं राहण्याची व्यवस्था बघितली आहे. फॉर्मवर आम्ही विचारायचो: मांजर चालेल? घोरणारा सोबती चालेल? सिगरेट? जमिनीवर झोपणं? लवकर झोपणाऱ्यांचं घर हवं की उशिरा? उत्तर काय, तर 'काहीही चालेल'. मग रात्री दोनला फोन, की डोळे सुजलेत, शिंका थांबत नाहीत, घरात दोन मांजरं आहेत. अहो, काहीही चालणाऱ्या माणसाला कुठेही पाठवतात! अडचण आधी सांगितली तर तो फक्त एक रकाना असतो, रात्री दोनला सांगितली तर पाच माणसांची झोप जाते. स्वीडनमध्ये हेरेंगला १९८२ पासून चालत आलेला नाचाचा कॅम्प आहे, तिथे मोठ्या हॉलमध्ये ओळीने बंक बेड असतात. एक जण उठतो तेव्हा दुसरा येऊन पडतो. तिथे निदान कोणी नाजूक असल्याचा किंवा नसल्याचा आव आणत नाही.

चिठ्ठी आली आहे. चार मिनिटं? बरं, मग भराभर घ्या.

फॉर्म खरा भरा, हे झालं. किल्ल्या माणशी एक, नाहीतर दाराबाहेर ठरलेली जागा. रात्री कोण किती वाजता परतणार हे हॉलवर पोचायच्या आधी गाडीतच ठरवा आणि पेट्रोलचे पैसे वाटून द्या, यजमानाला मागायला लावू नका. रात्री तीनला स्विंगआउटचा, म्हणजे लिंडी हॉपच्या मुख्य स्टेपचा, सराव घरात नाही, खाली माणसं राहतात. तळव्याला पावडर लावलेले बूट दाराबाहेर, ओले कपडे आपल्या पिशवीत, वाळत कुठे घालायचे ते विचारून. फ्लोअरवर भेटलेल्या कोणाला विचारल्याशिवाय झोपायला आणायचं नाही.

आता जे सांगते त्याला खरं तर अर्धा तास हवा होता, आणि तो मी जिन्यावर घालवला. रात्री तीनला परक्या शहरात पाहुण्याला दुसरी जागा नसते. 'नाही' म्हटलं तर जायचं कुठे, हा प्रश्न त्याच्या मनात असतोच. म्हणून यजमानाने त्या घरात प्रेमाबिमाचा विषय काढायचाच नाही, हॉलमध्ये कितीही गोड नाच झालेला असो. तीन गाणी छान जमली म्हणजे ओळख झाली असं नाही. आणि संयोजकांनी प्रत्येक पाहुण्याला रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर द्यावा, एक घर रिकामं राखून ठेवावं आणि घर बदलून मागणाऱ्याला कारण विचारू नये. यजमानालाही हीच सोय हवी, पाहुणा नको झाला तर.

ताप असेल तर येऊ नका. सोमवारी विमान दुपारचं असेल तर ते शुक्रवारी सांगा, यजमानाला सकाळी ऑफिस असतं. निघताना चादरी काढून ठेवा.

किती झाले? समोरच्या बाई बोटं दाखवतायत... नऊ? मी पाच-सहाच म्हणाले होते. धन्यवाद.