जुन्या पिकअपचा ड्राइव्हशाफ्ट: एका नळीचा की दोन तुकड्यांचा?

पडद्यावर दिसते आहे ती शेव्हर्लेची सी-10, 1967 ते 1972 या पिढीतली, लांब हौद्याची आणि 127 इंच व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांत तेवढे अंतर असलेली. गाडी लिफ्टवर चढली की गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत जाणारा ड्राइव्हशाफ्ट दोन तुकड्यांत विभागलेला दिसतो, आणि त्यांच्या जोडाजवळ शॅसीच्या आडव्या मेंबरला बोल्टने बसवलेले सेंटर बेअरिंग दिसते. अशा गाडीची पुनर्बांधणी करणाऱ्या अनेकांना हे बेअरिंग काढून एकच सरळ नळी बसवावीशी वाटते, कारण त्यात एक जॉइंट, म्हणजे कोनात असतानाही फिरणे पुढे पोचवणारा सांधा, कमी होतो आणि बेअरिंगभोवतीच्या, कालांतराने फाटणाऱ्या रबराची चिंता उरत नाही. विचार रास्त आहे, परंतु तो अमलात आणण्यापूर्वी आकडेमोड करायलाच हवी.

फिरणाऱ्या प्रत्येक नळीला एक क्रांतिक वेग असतो. त्या वेगाच्या जवळ गेल्यावर नळी मध्यभागी बाहेरच्या बाजूला वाकू लागते, आणि मग कितीही काटेकोर बॅलन्सिंग केलेले असले तरी कंप थांबत नाही. नळीचा व्यास वाढला की हा वेग त्याच प्रमाणात वाढतो, मात्र लांबी वाढली की तो लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे लांबी निम्मी केली तर वेग चौपट होतो. कारखान्याने लांब गाडीत दोन तुकडे का दिले, याचे उत्तर या एका नियमात आहे.

एक उदाहरण घेऊ. 3 इंच व्यासाची पोलादी नळी दोन जॉइंटांमध्ये 70 इंच लांब असेल, तर तिचा सैद्धांतिक क्रांतिक वेग मिनिटाला सुमारे 4000 फेरे येतो. प्रत्यक्षात जॉइंट आणि आधार थोडे लवचीक असल्याने त्याच्या तीन चतुर्थांशाच्या, म्हणजे 3000 फेऱ्यांच्या, पुढे जाऊ नये. आता ताशी 70 मैल वेगाने जाणारे 28 इंच उंचीचे चाक मिनिटाला साधारण 840 फेरे घेते. मागच्या अॅक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे, 3.08 असेल तर शाफ्ट सुमारे 2590 फेऱ्यांवर राहतो आणि एका नळीने काम भागते. रेशो 4.11 असेल तर तोच शाफ्ट 3450 च्या घरात जातो, आणि तीच नळी त्या गाडीसाठी अयोग्य ठरते. व्यास साडेतीन इंच केला तर मर्यादा जेमतेम गाठली जाते. 4 इंचांची नळी निर्धास्त चालते, पण ती मेंबरला न घासता फिरेल एवढी जागा खाली असावी लागते.

ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे वरच्या गिअरमध्ये शाफ्टला इंजिनापेक्षा जास्त फेरे देणारा, गिअरबॉक्स बसवल्याने शाफ्ट जास्त वेगाने फिरतो, असे बरेचदा सांगितले जाते. रस्त्यावरचा वेग, चाक आणि अॅक्सल तेच असतील तर शाफ्टचे फेरे बदलत नाहीत, फक्त इंजिनाचे कमी होतात. धोका निर्माण होतो तो ओव्हरड्राइव्ह आहे म्हणून मागे मोठ्या रेशोचा अॅक्सल घातला जातो तेव्हा.

अॅल्युमिनियमविषयीही असाच गैरसमज आढळतो. ते पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे आहे, पण त्याची ताठरताही तेवढीच कमी आहे, त्यामुळे समान व्यास आणि लांबीच्या नळीचा क्रांतिक वेग जवळपास तितकाच राहतो. अॅल्युमिनियमचा खरा फायदा असा की जास्त व्यासाची नळी घेऊनही वजन आटोक्यात राहते.

जॉइंटचा आकार निवडताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, पाहणे पुरेसे नसते, कारण शाफ्टवर येणारा टॉर्क पहिल्या गिअरने गुणलेला असतो. 350 पौंड-फूट देणारे इंजिन 3 च्या रेशोवर शाफ्टला 1050 पौंड-फूट देते. मूळ 1310 मालिकेचे जॉइंट सौम्य इंजिनाला पुरतात. ताकदवान इंजिन आणि रुंद टायर असतील तर मोठ्या बेअरिंग कपांचे 1350 घेणे मला शहाणपणाचे वाटते.

आता जॉइंटकडे जवळून पाहा. जॉइंटच्या मधल्या, अधिक चिन्हाच्या आकाराच्या क्रॉसच्या खुंटीवरचा कप काढल्यावर सुईसारखे बारीक रोलर दिसतात, आणि खुंटीवर त्यांच्या बरोबरीने पडलेल्या समांतर खाचा दिसतात. जॉइंट अगदी सरळ रेषेत राहिला तर रोलर जागच्या जागी दाबले जातात आणि अशा खाचा पडतात. म्हणून किमान अर्धा अंश कोन हवाच, आणि सर्वसाधारण वापरात तो तीन अंशांच्या आत राखावा. कोनामुळे जॉइंटचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो, आणि दुसरा जॉइंट तो चढउतार भरून काढतो, मात्र दोन्ही कोन जवळपास सारखे असावेत आणि नळीच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे जॉइंट धरणारे दुबेळके तुकडे, एकाच प्रतलात असावेत. दोन तुकड्यांच्या रचनेत तिसऱ्या जॉइंटचा हिशेब वाढतो, म्हणून पुढचा तुकडा गिअरबॉक्सच्या रेषेला जवळपास धरून बसवतात आणि गाडी खाली उतरवलेली असेल तर सेंटर बेअरिंगची उंचीही बदलावी लागते.

या कारणांमुळे शाफ्टची मागणी सर्वांत शेवटी नोंदवावी. 1955 च्या सुरुवातीपर्यंतच्या शेव्हर्लेच्या अर्ध्या टनी पिकअपमध्ये शाफ्ट टॉर्क ट्यूबमध्ये, म्हणजे न फिरणाऱ्या बाहेरच्या नळीत, बंद असे. तिथे खुल्या शाफ्टकडे वळायचे तर गिअरबॉक्स आणि अॅक्सल आधी बदलावे लागतात. इतर गाड्यांतही सस्पेन्शन, टायर आणि गाडीची अंतिम उंची ठरल्यावर, पूर्ण वजन चाकांवर असताना, सपाट जमिनीवर माप घ्यावे. स्लिप योक, म्हणजे शाफ्टच्या पुढच्या टोकाचा आतबाहेर सरकणारा योक, गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत ढकलून सुमारे एक इंच बाहेर घ्यावा, आणि त्या स्थितीत पुढच्या जॉइंटच्या मध्यापासून मागच्या जॉइंटच्या मध्यापर्यंतचे अंतर लिहून कारागिराकडे द्यावे.